मुंबईत डीडी फ्री डिश बसवायची असेल तर आधी आकाश बघा, मग डिश घ्या

भांडुपला आमच्या घरी टीव्हीचा रिचार्ज बंद करून आता बरीच वर्षं झाली आणि आईचं काहीही अडलेलं नाही. संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या, मग एखादा मराठी पिक्चर, दुपारी स्वयंपाकघर आवरताना टीव्हीवरच विविध भारती, आणि भारताची मॅच असली की बाबा डीडी स्पोर्ट्स लावून बसतात. महिन्याचा खर्च शून्य. ओळखीतले, नात्यातले लोक सारखे विचारतात की हे नक्की काय आहे, कायदेशीर आहे का, आमच्याकडे लागेल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. आयुष्यात कधी डिशच्या स्क्रूला हात लावला नाही अशा माणसासाठी लिहितोय, त्यामुळे ज्यांना येतं त्यांनी मधले परिच्छेद सोडले तरी चालेल.

पहिल्यांदा शंका मिटवतो. डीडी फ्री डिश ही प्रसारभारतीची, म्हणजे सरकारी सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने ती सुरू झाली तेव्हा ३३ चॅनल होते, आता शंभराच्या वर आहेत, आणि देशभरात चार कोटींच्या वर घरांत ती चालते. चोरून बघायचा प्रकार नाही, कार्ड नाही, दरमहा पैसे नाहीत. डिश, बॉक्स आणि वायर एकदा विकत घ्यायची, संपलं.

इथे एक घोळ सगळ्यांचा होतो. केबलवाला किंवा प्रायव्हेट डीटीएचवाला सांगतो की अमुक चॅनल फ्री टू एअर आहेत, आणि आपल्याला वाटतं ते फुकट आहेत. ते फुकट नसतात. त्या चॅनलची वेगळी किंमत नसते एवढंच, पण नेटवर्क कपॅसिटी फी नावाचा आकार द्यावाच लागतो. २०१९ ला ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले तेव्हा हा आकार १३० रुपयांपर्यंत होता, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे एकही पे चॅनल न घेता वर्षाला अठराशेच्या वर. तेवढ्यात फ्री डिशचा अख्खा सेट येतो आणि तो पुढची कित्येक वर्षं चालतो. एकट्या पेन्शनवर घर चालवणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा फरक लहान नाही, म्हणून मी हे सगळ्यांना इतकं सांगत सुटतो.

आधी आकाश तपासा, दुकानात नंतर जा

गावाकडे अंगणात डिश ठेवली, फिरवली, लागली. मुंबईत तसं नाही. इथे सगळा खेळ आहे तो आकाशाचा एक मोकळा तुकडा मिळण्याचा, आणि तो मिळत नसेल तर महागातला महाग बॉक्सही काही कामाचा नाही. आमची पहिली डिश लावणाऱ्या माणसाने ती किचनच्या खिडकीच्या ग्रिलला लावली कारण तिथे हात पोचत होता, ती खिडकी पश्चिमेला, दोन तास मेन्यू चालू-बंद करून बॉक्स खराब आहे म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. बॉक्समध्ये काहीच खराबी नव्हती, डिश उलट्या दिशेला बघत होती.

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या इस्रोच्या सॅटेलाइटवरून येतात, तो २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सोडला आणि विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. मुंबईतून तो दिसतो आग्नेयेला, कंपासवर साधारण १३१ अंशांवर. अंदाज यावा म्हणून सांगतो, दादर-परळच्या गच्चीवर उभे असाल तर घारापुरीच्या अंगाला आणि भांडुपवरून पनवेलच्या दिशेला तोंड करा. उंची साधारण ५७ अंश, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या मधोमध धरलं तर त्याहून थोडं वर.

फोनमधला कंपास वापरायचा तर ग्रिलपासून, लोखंडी कपाटापासून आणि लिफ्टपासून लांब उभे राहा, लोखंड जवळ असलं की कंपास काहीही दाखवतो. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवून मग वाचा.

आता समोरची बिल्डिंग. मुंबईत ती असतेच, पण सॅटेलाइट बराच वर असल्यामुळे समोर बिल्डिंग दिसली की लगेच हिरमुसू नका. हिशोब सोपा आहे: समोरची बिल्डिंग जितक्या लांब, त्याच्या दीडपट उंची चालते. ती ३० फुटांवर असेल तर तुमच्या डिशच्या पातळीपासून वर ४५ फूट, म्हणजे चार मजल्यांपर्यंत तिचा त्रास नाही. त्याच्या वर टॉवर असेल तर मात्र जागा बदला.

खरा त्रास देतो तो आपल्याच वरच्या मजल्याचा छज्जा. सॅटेलाइट उंचावर म्हणजे डिश वर बघणार, आणि वर बघितलं की वरच्यांचा छज्जा, त्यांचं बॉक्स ग्रिल, एसीचं युनिट, झाडाच्या कुंड्या, सगळं आडवं येतं. छज्जा डिशच्या पुढे एक फूट आला असेल तर तो डिशपासून दीड फूट तरी वर हवा, आणि हे खिडकी नेमकी आग्नेयेला उघडत असेल तर. बहुतेक बिल्डिंगांत खिडकी पूर्वेला नाहीतर दक्षिणेला असते, तिथे सिग्नल तिरका येतो, मग एका फुटाला सव्वादोन फूट धरा. पश्चिम आणि उत्तर बाजूच्या खिडक्यांचा नाद सोडा, तुमच्यासाठी गच्ची हाच मार्ग.

कंपास-कोन यातलं काही जमत नसेल तर उन्हाची युक्ती आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. दरवर्षी १२ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराच्या सुमारास सूर्य मुंबईतून बघताना बरोबर या सॅटेलाइटच्या मागे असतो. त्या वेळी तुमच्या ठरवलेल्या जागेवर लख्ख ऊन पडत असेल तर डिशही लागणार, सावली असेल तर नाही. (त्याच दोन-चार दिवसांत बसवलेल्या डिशचं चित्र रोज काही मिनिटं फुटतं. घाबरून कुणाला बोलावू नका, सूर्य सरकला की आपोआप येतं.)

सामान

डिश ६० सेंटिमीटरची बहुतेकांना पुरते. गच्चीवर लावणार असाल आणि पावसात कमी त्रास हवा असेल तर ७५ ची घ्या, पण ग्रिलवर मोठी डिश लावू नका, वाऱ्यात ती सगळं ग्रिल हलवते. डिशसोबत एलएनबी येतो, म्हणजे पुढच्या दांडीवरचं ते डोकं. त्याच्यावर ९७५०/१०६०० लिहिलेलं बघून घ्या.

बॉक्स घेताना मात्र दोनशे-तीनशे वाचवायला जाऊ नका. जुने एमपेग-२ वाले बॉक्स अजून विकले जातात, त्यात फ्री डिशचे सगळे चॅनल दिसत नाहीत. दुकानात स्पष्ट सांगा की एमपेग-४, डीव्हीबी-एस२, एचडीएमआय असलेला पाहिजे. लॅमिंग्टन रोडला अख्खा सेट मिळतो, उपनगरात स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही मिळतो, डिश-बॉक्स-वायर मिळून साधारण दोन हजारांच्या आतबाहेर धरा, बसवायची मजुरी वेगळी.

त्याच्या आधी तुमच्या टीव्हीच्या मागे बघा. आजकालच्या बऱ्याच टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, मागे अँटेनाच्या भोकाशेजारी आटे असलेलं दुसरं भोक असतं आणि मेन्यूत सॅटेलाइट किंवा डीव्हीबी-एस२ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. तसं असेल तर बॉक्सची गरजच नाही, डिशची वायर थेट टीव्हीत, आणि रिमोटही एकच, जो म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचा पडतो.

वायर आरजी-६ च घ्या, तांब्याची जाळी दाट असलेली. अंतर मोजून सलग एकच तुकडा. मधे जोड आला की आज ना उद्या पावसात पाणी तिथेच शिरतं.

एखाद्या डीटीएच कंपनीची जुनी डिश घरी पडून असेल तर ती बहुतेक वेळा वापरता येते, ती तुमच्या मालकीची आहे ना एवढं आधी बघा. टाटा प्लेची डिश ८३ अंशांवरच्या सॅटेलाइटकडे बघत असते, ती मुंबईत जीसॅट-१५ वर आणायला तिच्या मागे उभं राहून डावीकडे साधारण २० अंश वळवायची आणि ७ अंश खाली झुकवायची. त्या कंपनीचा बॉक्स मात्र इथे उपयोगाचा नाही.

सोसायटी

स्वतःच्या खिडकीच्या आत बसत असेल तर प्रश्न कमी, पण गच्चीवर लावायची असेल तर आधी सेक्रेटरींना साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात लिहा की वॉटरप्रूफिंगमध्ये भोक पाडणार नाही. गच्ची गळण्यावरूनच बहुतेक सोसायट्या नाही म्हणतात आणि त्यांचंही बरोबर आहे. मग डिश कठड्याच्या आतल्या बाजूला बोल्ट करा, किंवा सिमेंट भरलेल्या जुन्या टोपात पाइप उभा करून त्यावर लावा, आमची अशीच आहे. चाळीत राहत असाल तर पत्र्यावर थेट लावू नका, पत्रा वाऱ्यात थरथरतो आणि डिश दर पंधरवड्याला सरकते. पत्रा ज्या अँगलवर टेकलाय त्या अँगलला पकडा.

आणि कठड्यावर चढून, ग्रिलच्या बाहेर लोंबकळून कुणीही काम करायचं नाही. बाहेरच्या बाजूचं काम असेल तर बेल्ट लावून काम करणारा माणूस बोलवा. टीव्हीसाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही.

डिश फिरवणं

पाइप आधी अगदी सरळ उभा करा, ओळंबा नाहीतर फोनमधलं लेव्हल ॲप लावून बघा. पाइप तिरका राहिला तर पुढचं एकही माप जुळत नाही आणि लोक इथेच तासन् तास घालवतात.

वायर जोडताना बॉक्सचं बटण बंद, प्लग काढलेला. वायरीतून एलएनबीला करंट जातो, त्यामुळे जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतं.

ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा असतील तर ५७ वर आणा. लावल्यावर डिश बघून वाटेल की ही तर फार खाली बघतेय, समोरच्या बिल्डिंगच्या मधल्या मजल्याकडे. तसंच दिसायला हवं. या डिशांची बनावटच अशी असते की त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात. नवीन माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून डिश आकाशाकडे वळवतो आणि मग सिग्नल मिळत नाही.

आता बॉक्स चालू करा, एचडीएमआयने टीव्हीला जोडा, मेन्यूत इन्स्टॉलेशनमध्ये जा. सॅटेलाइट जीसॅट-१५ किंवा ९३.५ ई निवडा, एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, एलएनबी पॉवर ऑन. फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिम्बॉल रेट २९५००. स्क्रीनवर दोन पट्ट्या येतील, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरलेली बघून खूश होऊ नका, तिचा अर्थ एवढाच की वायर आणि एलएनबी जिवंत आहेत, डिश भिंतीकडे असली तरी ती पट्टी भरते. आपल्याला हवी ती क्वालिटी.

एकाने टीव्हीसमोर बसायचं, दुसऱ्याने डिशपाशी, आणि फोन स्पीकरवर. डिश कंपासवर १३१ ला आणून स्क्रू हाताने फिरेल इतपतच सैल ठेवा, मग डावीकडे-उजवीकडे अगदी हळू सरकवा, बोटभर सरकवून तीन-चार सेकंद थांबा कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. भराभरा फिरवली तर सॅटेलाइट येऊन निघून गेलेला कळतही नाही. एक फेरी झाली आणि काही मिळालं नाही तर उंची एक अंश बदलून पुन्हा तशीच फेरी. आमच्याकडे बाबा खाली बसून आकडे ओरडत होते आणि मी वर, चौथ्या फेरीला क्वालिटी एकदम शून्यावरून चाळीसवर गेली, तो आनंद अजून आठवतो.

क्वालिटी आली पण चॅनल भलतेच दिसतायत असं झालं तर तुम्ही शेजारच्या सॅटेलाइटवर आहात, डिश टीव्हीचा सॅटेलाइट ९५ अंशांवर, म्हणजे अगदी लगत आहे. केसभर इकडेतिकडे करा.

शेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये हळूहळू गोल फिरवून बघा, मुंबईत तो सरळ उभा ठेवून चालत नाही, बराच तिरका लागतो. या एका गोष्टीने क्वालिटी पंधरा-वीसने वाढलेली मी बघितली आहे आणि निम्मे डिशवाले हे करतच नाहीत. मग सगळे बोल्ट एकेक करून थोडे थोडे आवळा, एकच बोल्ट पूर्ण पिळला तर डिश त्या बाजूला ओढली जाते.

नंतर ऑटो स्कॅन किंवा ब्लाइंड स्कॅन लावा आणि चहा घ्या.

काय काय दिसतं

दूरदर्शनचे सगळे चॅनल, त्यात आपला सह्याद्री. प्रायव्हेट चॅनलपैकी हिंदी पिक्चर, सिरियल, बातम्या, भक्तीचे असे बरेच. मराठीत फक्त मराठी, झी चित्रमंदिर, सन मराठी, शेमारू मराठीबाणा हे चॅनल यावर येऊन गेलेले किंवा येत असलेले, पण कुणाचंच कायमचं धरून चालू नका. प्रसारभारती या जागांचा लिलाव करते, ज्याने बोली लावली तो दिसतो, आणि साधारण एप्रिलमध्ये यादी बदलते. २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते हे सगळे एकदम निघून गेले होते आणि पुढच्या वर्षी परत आले. त्यामुळे आवडता चॅनल गायब झाला तर आधी रीस्कॅन करा, तरी नाही आला तर तो लिलावात नसेल. मी १ एप्रिलला आणि मधे अधूनमधून रीस्कॅन करतोच.

क्रिकेटचं लोकांना फार कौतुक वाटतं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या मॅचचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं. पण २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते प्रसारभारतीने स्वतःच्या नेटवर्कवर, म्हणजे जमिनीवरच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबल आणि प्रायव्हेट डीटीएचवर नाही. म्हणून शेजाऱ्याकडे महिन्याला पैसे भरूनही डीडी स्पोर्ट्सवर मॅच नसते आणि तुमच्याकडे असते. सगळ्या मॅच येत नाहीत, आयपीएलची आशा धरू नका.

घरात शाळा-कॉलेजची मुलं असतील तर स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याचे चॅनल नक्की शोधा, ते याच दिशेच्या डिशवर येतात. ई-विद्या २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक इयत्ता एक चॅनल अशी सुरू झाली. इंटरनेटचा पॅक संपला तरी हे चालूच. आणि आकाशवाणीचे चाळीसच्या वर चॅनल, ते रिमोटवरचं रेडिओचं बटण दाबल्यावर दिसतात. कित्येक घरांत ते बटण कुणी कधी दाबलेलंच नसतं.

पाऊस, कबुतरं आणि रिचार्जवाले

जोराचा पाऊस आला की चित्र फुटणार, हे मान्य करून टाका. या लहरी पावसाच्या थेंबांत अडकतात, पैसेवाल्या डीटीएचलाही तेच होतं. सर कमी झाली की येतं. पण रिमझिम पावसातही जात असेल तर तुमची डिश नेमकी लागलेली नाही, कोरड्या दिवशी कशीबशी तग धरतेय, ती परत फाइन करा. मे महिन्यात एकदा बोल्ट आवळा, कनेक्टरवर रबरी टेप गुंडाळा, आणि वायर घरात शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, वायरीवरून बॉक्सपर्यंत येणार नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प घ्यावेत, साधे खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात. कबुतरं एलएनबीच्या दांडीवर बसतात आणि ती हळूहळू वाकते, दांडीवर केबल टाय बांधून त्यांची टोकं वर उभी ठेवली की बसत नाहीत, त्यांना इजाही होत नाही.

फोन करून किंवा दारात येऊन कुणी म्हणालं की फ्री डिशचा रिचार्ज संपलाय, लाइफटाइम प्लॅन घ्या, केवायसी करा, तर फोन ठेवून द्या. फ्री डिशला रिचार्ज हा प्रकारच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगून ठेवा, ओटीपी मागणारे नेमके त्यांनाच गाठतात.

सगळं लागलं की निघण्याआधी पाइप आणि क्लॅम्पवर मिळून मार्करने एक आडवी रेघ ओढा, कोनाच्या खुणेवर एक ठिपका द्या, आणि क्वालिटीच्या पट्टीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वादळात डिश फिरली तर रेघेला रेघ जुळवायची, दहा मिनिटांत चित्र परत.